फडक्यावरची धूळ आणि दरवर्षीचं एक पत्र

अण्वस्त्रांचा विषय निघाला की गप्पा कोणाकडे किती बॉम्ब आणि बटण कोणाच्या हातात यावरच अडकतात. सरकारी लॅबचं नाव आलंच तर 'तिकडेच बनवतात ना ते' एवढ्यापुरतं. मग बजेटच्या वेळी कोणीतरी हमखास विचारतं, नवीन टेस्ट करायची नाही तर या शास्त्रज्ञांना पोसायचं कशाला? अहो, टेस्ट बंद झाली की उलट त्यांचं काम वाढतं!

पहिलं काम म्हणजे कोणी चोरून बॉम्बची तयारी करतंय का ते शोधणं. २००३ चंच घ्या. तेहरानमधल्या कलाये इलेक्ट्रिक नावाच्या वर्कशॉपमधे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या इन्स्पेक्टरांना नमुने घ्यायचे होते, इराणने काही महिने टोलवाटोलवी केली आणि ऑगस्टमधे एकदाचं घेऊ दिलं, तोवर जागेचं रूपच पालटलं होतं. आता हे नमुने म्हणजे काय, तर ग्लोव्ह्ज घालायचे, सुती फडक्याच्या छोट्याशा चौकोनाने भिंत, टेबल, पाइप पुसायचे, फडकं पिशवीत, ती पिशवी अजून एका पिशवीत, वर कोड नंबर. बस्स. पुढे ते व्हिएन्नाजवळच्या साइबर्सडॉर्फ लॅबमधून वेगवेगळ्या देशांच्या लॅबमधे जातात आणि नमुना कुठला हे तपासणाऱ्याला सांगत नाहीत. नैसर्गिक युरेनियममधे यू-२३५ (बॉम्बसाठी लागणारं युरेनियम) जेमतेम ०.७ टक्के असतं, धुळीच्या डोळ्याला न दिसणाऱ्या कणात ते किती आहे हे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करणारं यंत्र, सांगतं. एवढी डागडुजी होऊनही कलायेच्या फडक्यांवर हायली एनरिच्ड, म्हणजे यू-२३५ चं प्रमाण खूप वाढवलेलं, युरेनियम सापडलंच. इराण म्हणालं, बाहेरून आणलेल्या सेंट्रिफ्यूजच्या (यू-२३५ चं प्रमाण वाढवणाऱ्या यंत्राच्या) पार्ट्सना चिकटून आलं असेल. आणि गंमत बघा, पुढच्या तपासात ते बरंचसं खरं निघालं, माग पाकिस्तानहून आलेल्या पार्ट्सपर्यंत गेला. संशय त्याच धुळीने आणला आणि बराचसा त्याच धुळीने फेडला, टीव्हीवरच्या आरडाओरड्याने यातलं काहीच झालं नसतं.

दुसरं काम त्याहून अवघड वाटतं मला. अमेरिकेने शेवटची अणुचाचणी २३ सप्टेंबर १९९२ ला केली. बॉम्ब मात्र कोठारात म्हातारे होतायत. त्यातल्या ट्रिटियमचं (किरणोत्सारी हायड्रोजनचं) हाफ-लाइफ साधारण १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं होतं आणि बदलत राहावंच लागतं, प्लुटोनियम किती टिकेल त्याचा वेगळा अभ्यास, बाकी सुपरकॉम्प्युटरवर सिम्युलेशन. या सगळ्याच्या जोरावर लॉस अलामोस, लिव्हरमोर आणि सँडिया या अमेरिकेच्या तीन अण्वस्त्र लॅबच्या डायरेक्टरांनी दरवर्षी लेखी कळवायचं असतं की साठा सुरक्षित आणि भरवशाचा आहे का, पुन्हा टेस्टची गरज आहे का. त्या पत्रात 'गरज आहे' असं एखाद्याने लिहिलं तर केवढा गहजब होईल! म्हणून तिथे माल विकणाऱ्याचा मिंधा नसलेला माणूस हवा. लॅब सरकारच्या असल्या तरी चालवायला कंत्राटदार असतात, हे मला जरा खटकतंच.

या लॅब सोवळ्या आहेत असं मी म्हणत नाही. गुप्ततेच्या नावाखाली बरंच काही झाकलं गेलंय, बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या अमेरिकेतल्या हॅनफर्डचा किरणोत्सारी कचरा अजून निस्तरतायत.

पण १९९२ ला पंचविशीत असलेला, खरी टेस्ट बघितलेला माणूस आता साठीला आलाय. त्याच्या शेजारी बसून शिकायला पोरं आत्ता भरती करायची सोडून, तो रिटायर झाल्यावर जागा भरू म्हणणाऱ्यांना काय म्हणावं?