वाट चुकणं म्हणजे नुसता विसराळूपणा नाही
एका लेखात म्हातारपणी वाट चुकण्याला 'विसराळूपणा' म्हटलंय, ते पटलं नाही. माझी आई भाजी घेऊन येताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पिशवी धरून उभी राहिली होती. भाजीचा हिशेब तोंडपाठ, पण डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते कळेना. अल्झायमरमध्ये एन्टोरायनल कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या वाट शोधायला मदत करणाऱ्या एका भागाला, फार लवकर झळ पोचते. २००५ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ मोझर दांपत्याच्या गटाला उंदरांच्या मेंदूच्या याच भागात ग्रिड पेशी, म्हणजे आपण कुठे आहोत याचं भान ठेवणाऱ्या पेशी, सापडल्या. उंदीर फिरतो तशी एकेक पेशी ठरावीक अंतरांवर जागी होते. ते बिंदू जोडले की षटकोनी जाळी दिसते. केवढी सुंदर रचना! ती विस्कटली तर आईने काय करावं? असं घडलं तर माणसावर चिडू नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आम्ही वर्षभर 'वय झालं' म्हणत बसलो.