सनदेवाचून वकिली: इच्छुकांसाठी काही सूचना

तीन किंवा पाच वर्षं लॉ कॉलेज, मग बार कौन्सिलची परीक्षा. एवढी दगदग कशाला? नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ एक टेबल टाका. जिल्हा न्यायालय आणि कलेक्टर कचेरी हाकेच्या अंतरावर. सिन्नरहून आलेला असो की पेठहून, एसटीतून उतरलेला माणूस वकिलापर्यंत पोचायच्या आत तुम्हाला भेटतो. लॅपटॉप, प्रिंटर, लीगल साइजचे कागद आणि शाईचं पॅड पुरे. पाटीवर 'वकील' नको, 'कायदेविषयक सल्लागार' लिहा.

सुरुवात ॲफिडेव्हिटपासून. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणी आलं की आधी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला पाठवा. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, हे त्याच्या कानावर जाता कामा नये.

खरी मलई जमिनीत. बहिणींचं हक्कसोडपत्र स्टॅम्पवर टाइप करा, नोटरीचा लाल शिक्का घ्या आणि 'काम पक्कं झालं' म्हणून सांगा. नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे असा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, तोही सही झाल्यापासून चार महिन्यांत. नोटरी सही कुणाची ते पाहतो. त्याच्या शिक्क्याने हक्क कुणाकडून कुणाकडे जात नाही. पण हे कळायला बहिणींची मुलं मोठी होऊन दाव्याला उभी राहावी लागतात. तोवर टेबल दुसरीकडे गेलेलं असतं. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, नामंजूर केला तर 'साहेबांशी बोलतो' म्हणत दोन महिने काढा. प्रांताकडे अपिलाची मुदत 60 दिवस आहे; ती उलटली की विलंबमाफीचा अर्ज आला, आणि त्याची फी वेगळी.

चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते. ती तुम्हीच लिहा. चेक दोन लाखांचा असेल, तर व्याज आणि मनस्ताप त्यातच मिसळून थेट 'दोन लाख चाळीस हजार द्या' असं ठोका. चेकची रक्कम वेगळी मागितली नाही म्हणून नोटीस बाद ठरते, आणि तोवर 30 दिवस संपलेले असतात.

बाईमाणूस आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नावही काढू नका. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धंद्याला घातक.

कोर्टात मात्र शिरू नका. कुलमुखत्यारपत्र हातात असलं तरी युक्तिवादाला न्यायाधीशांची परवानगी लागते, तीही त्या एका प्रकरणापुरती. ग्राहक आयोगात बिगरवकील प्रतिनिधीला नियमांनुसार उभं राहता येतं. कायदेशीर मार्ग असल्याने आपल्याला त्यात रस नाही.

आता शिक्षा. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 45 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. 'आम्ही फक्त कागद लिहितो' ही ढालही फार टिकाऊ नाही: कोर्टाबाहेरचं कायद्याचं कामही वकिलीच, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगून ठेवलं आहे. टक्केवारीवर वकिलांना अशील पुरवत असाल तर 2023 ची दुरुस्ती वाचा. जिल्हा न्यायाधीश किंवा कलेक्टर दलालांची यादी करून कोर्टात लावू शकतात. यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे म्हणजे तुमच्याकडचा एक स्टॅम्प. नाव चढवण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळते. ते म्हणणं मात्र स्वतः लिहू नका. चांगला सनदवाला वकील गाठा.