थिएटरात ‘आग’ ओरडण्याचा खटला अमेरिकेत झालाच नव्हता

कुणाच्या पोस्टवरून, व्यंगचित्रावरून किंवा भाषणावरून गुन्हा दाखल झाला, की व्हॉट्सॲपवर एक युक्तिवाद फिरायला लागतो. साधारण असा: ‘अमेरिकेतसुद्धा खच्चून भरलेल्या थिएटरात “आग, आग” ओरडता येत नाही. तिथल्या सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीच्या देशात ही स्थिती, मग आपणच कशाला लाड करायचे?’ शिकलेसवरलेले लोक, क्वचित वकीलही हे छातीठोकपणे सांगतात. एकेक तुकडा तपासून पाहू.

आधी तो निकाल. खटला थिएटरचा नव्हता, आगीचा तर नव्हताच. तो होता एका पत्रकाचा. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. फिलाडेल्फियात समाजवादी पक्षाचा सरचिटणीस होता चार्ल्स शेंक. त्याच्या कचेरीतून सुमारे १५ हजार पत्रकं छापायचं ठरलं आणि भरतीसाठी नावं निघालेल्या तरुणांना ती टपालाने जाऊ लागली. पत्रकाच्या एका बाजूला गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा हवाला होता: सक्तीची भरती हीदेखील वेठबिगारीच. ‘धाकदपटशाला बळी पडू नका’ असंही त्यात होतं. पण करायला काय सांगितलं होतं? कायदा रद्द व्हावा म्हणून अर्ज करा. दुसऱ्या बाजूचा मथळा होता, ‘आपले हक्क बजावा’. बॉम्ब नाही, बंदूक नाही, दंगल नाही.

शेंकला हेरगिरी कायद्याखाली (युद्धकाळात सैन्यभरतीत अडथळा आणणं हाही त्यात गुन्हा होता) शिक्षा झाली आणि ३ मार्च १९१९ रोजी सुप्रीम कोर्टाने ती एकमताने कायम केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्यातच मान्य केलंय, की एरवीच्या काळात हेच पत्रक घटनेने दिलेल्या हक्कात बसलं असतं. आता युद्ध आहे म्हणून बसत नाही. थिएटरचं वाक्य येतं ते दृष्टान्त म्हणून, ओघात. त्या मुद्द्यावर कोर्टाला काही ठरवायचंच नव्हतं. म्हणजे आज हे वाक्य फेकणारा माणूस नकळत एवढंच सांगत असतो, की सरकारविरोधी पत्रक वाटणाऱ्याला तुरुंगात टाकायला हे वाक्य कामी आलं होतं. त्याला तेच सांगायचं असेल तर प्रश्नच मिटला.

आता खुद्द वाक्य. होम्स यांचं म्हणणं असं: भाषणस्वातंत्र्याला कितीही कडक संरक्षण दिलं, तरी थिएटरात खोटंच ‘आग’ ओरडून घबराट उडवणाऱ्याला ते मिळणार नाही. ‘खच्चून भरलेलं’ हे विशेषण मागाहून लोकांनी चिकटवलं, ते सोडून देऊ. पण ‘खोटंच’ हा शब्द फॉरवर्डमधून गळतो आणि सगळा अर्थ पालटतो. खरोखर आग लागली असेल तर ओरडायलाच हवं. शेंकला वाटत होतं की आग लागली आहे. ती लागली आहे की नाही हा राजकीय मताचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सरकारी पक्षाने स्वतःच देऊन टाकलं.

शेंकच्या निकालानंतर एका आठवड्याने याच तर्कावर समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांची दहा वर्षांची शिक्षा कायम झाली. गुन्हा काय, तर ओहायोतल्या कँटन गावी केलेलं युद्धविरोधी भाषण. डेब्ज १९२०ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अटलांटाच्या तुरुंगातून लढले आणि नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मतं दिली.

फॉरवर्डवाल्यांना होम्स तर हवे असतात, पण मार्चमधले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातले होम्स त्यांना ठाऊक नसतात. रशियात फौज पाठवण्याविरुद्ध न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीच्या खिडकीतून पत्रकं फेकणाऱ्या स्थलांतरितांना वीस-वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या होत्या. बहुमताने त्या कायम केल्या. होम्स यांनी मात्र न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्यासह विरोधी मत नोंदवलं: अनोळखी माणसाच्या फालतू पत्रकाने कोणताही तातडीचा धोका उभा राहत नाही, आणि विचाराची खरी कसोटी ही, की विचारांच्या बाजारातल्या स्पर्धेत तो स्वतःच्या बळावर टिकतो का.

बरं, मार्चमधला तो निकाल आज तरी कायदा आहे का? व्यवहारात नाही. १९६९ साली ब्रँडेनबर्ग खटल्यात कोर्टाने नवी कसोटी घालून दिली: चिथावणीचा रोख तात्काळ घडणाऱ्या बेकायदा कृत्याकडे हवा आणि तसं कृत्य घडण्याची शक्यताही खरोखर हवी. आरोपी कोण, तर कू क्लक्स क्लॅन या गौरवर्णीय वर्चस्ववादी संघटनेचा ओहायोतला पुढारी. शेतावरच्या सभेत जळता क्रूस, बंदुका, कृष्णवर्णीय आणि ज्यूंविरुद्ध गरळ, हे सगळं टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. त्याची शिक्षा एकमताने रद्द झाली. (त्या निकालाने शेंकचा निकाल नाव घेऊन मोडीत काढला, असं काही जण उत्साहात सांगतात. तेही बरोबर नाही. नाव घेऊन मोडला तो १९२७चा व्हिटनी निकाल.) म्हणून ‘अमेरिकेतही हेट स्पीचला संरक्षण नाही’ हे त्याच फॉरवर्डचं शेपूटही गळून पडतं. नुसतं द्वेषाचं आहे म्हणून भाषण तिथे गुन्हा ठरत नाही. धमकी, तात्काळ चिथावणी, बदनामी यांची गोष्ट वेगळी.

मग थिएटरात खोटं ओरडायची मुभा आहे की काय? नाही. ब्रँडेनबर्गच्याच निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी या दाखल्याची दखल घेतली आणि म्हटलं, की तिथे बोलणं कृतीला इतकं जखडलेलं असतं की दोन्ही वेगळं काढता येत नाही. अशी घबराट मुद्दाम उडवणं हा अनेक राज्यांत साधा फौजदारी गुन्हा आहे. त्यासाठी होम्स लागत नाहीत. १९१३च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिशिगनमधल्या कॅल्युमेट गावी संपकरी खाणकामगारांच्या मुलाबाळांचा कार्यक्रम चालू होता. कुणीतरी ‘आग’ ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यावर चेंगरून ७३ जण गेले, त्यांत बहुतेक लहान मुलं. तिथे धोका नजरेसमोर, त्या क्षणी आणि प्रत्यक्ष असतो. टपालाने आलेलं पत्रक माणूस घरी निवांत वाचतो, पटलं नाही तर चुलीत टाकतो. त्याची तुलना जिन्याशी करणं हीच मुळात लबाडी होती.

उरलं ‘मग आपणच कशाला’. आपल्याकडे निर्बंध घालायला अमेरिकेची साक्ष लागतच नाही. आपल्या घटनेच्या कलम १९(२) मध्ये ते नावानिशी दिलेले आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे आठ विषय. गंमत अशी, की ही यादीच सरकारचे हात बांधते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद पडण्यावर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि त्याला ‘लाइक’ दिलं म्हणून दुसरीला अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल याचिकेवर मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारं) रद्द केलं. त्या निकालात अमेरिकन निवाड्यांची चर्चा आहे आणि दोन्ही देशांतला फरकही सांगितलाय: तिथे एखादं मोठं सरकारी उद्दिष्ट दाखवून भाषणावर बंधन टिकू शकतं, इथे मात्र ते त्या आठांपैकी कशात तरी बसवावंच लागतं, नुसतं ‘जनहितासाठी’ म्हणून चालत नाही. पुढच्या वेळी कुणी थिएटर काढलं, तर आठांपैकी कोणता विषय, एवढंच विचारा.