वाचनालयाचे नियम नव्याने लिहिताय, तर सुरुवात मुलांपासून करा

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची नियमावली नव्याने तयार होते आहे. कार्यकारी मंडळाने सभासदांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. मी तिथली आजीव सभासद आहे आणि सुट्टीच्या दिवशी बालविभागात स्वयंसेवक म्हणून बसते. माझं पत्र मंडळाला जाईलच, पण प्रश्न काही आमच्या एकट्या गावाचा नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

जुनी पाटी देवघेवीच्या टेबलामागे टांगलेली आहे. मोठ्याने बोलू नये. कपाटातील पुस्तकांना हात लावू नये. लहान मुलांना सोबत आणू नये. पुस्तक हरवल्यास दुप्पट किंमत वसूल केली जाईल. यातले दोन नियम कधीच बंद पडलेत, तरी पाटी तशीच आहे. पहिल्यांदा आत येणारा माणूस ती वाचतो आणि आपण इथे कुणाच्या तरी परवानगीने उभे आहोत असं त्याला वाटायला लागतं.

नियम नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. पण प्रत्येक नियम लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा: यामुळे पुस्तक वाचकाच्या हाती लवकर जाईल की उशिरा? डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र सांगतं की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यापुढची दोन. १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. आपले नियम या तीन सूत्रांवर तपासून बघायला काय हरकत आहे?

कपाटांना कुलपं का लागतात, हेही समजून घ्यायला हवं. देशातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्याच मातीत झाला, कोल्हापूर संस्थानात, १९४५ साली. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ मध्ये. पण तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत ग्रंथालयासाठी करावर उपकर घेतला जातो, तसा तो आपल्याकडे नाही. आपली बहुतेक वाचनालयं संस्था चालवतात. शासनाच्या अ, ब, क, ड वर्गवारीनुसार मिळणारं अनुदान, सभासदांची वर्गणी आणि देणग्या यांवर. अनुदानातला निम्मा भाग पगारांवर, निम्मा बाकीच्या सगळ्या खर्चावर. त्यात पुस्तकं आली, वर्तमानपत्रं आली, वीजबिलही आलं. ग्रंथपालाचा पगार किती असतो हे विचारून बघा, मान खाली जाईल. अशा माणसाला दाखल नोंदवहीतल्या, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात त्या वहीतल्या, एकेका क्रमांकाचा हिशेब द्यावा लागतो. पडताळणीत पुस्तक सापडलं नाही तर पहिला प्रश्न त्यालाच. मग तो कुलूप लावणारच. हे भय खरं आहे आणि ते मंडळाने त्याच्या डोक्यावरून काढलं पाहिजे. वापरात असलेली पुस्तकं थोडीफार फाटणार, काही गहाळ होणार, हे मंडळाने ठराव करून मान्य करावं आणि त्याची जबाबदारी संस्थेने घ्यावी. कर्मचाऱ्याच्या खिशाला हात लावण्याची भाषा नियमावलीत कुठेही असू नये.

आता मुलांकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

बालसभासद व्हायला अनामत, वर्गणी, पालकांच्या ओळखपत्राची प्रत, शाळेचा दाखला, कुठेकुठे तर शिक्षकांची शिफारसही लागते. ज्या घरात आईवडील दोघं मजुरीला जातात, त्या घरातला मुलगा हे कुठून गोळा करणार? तो दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. आणि आपण सभांमधून म्हणत राहतो, मुलं वाचत नाहीत. माझी पहिली सूचना हीच आहे: चौदा वर्षांखालच्या मुलांना अनामत नको, वर्गणी नको. एका पालकाची सही किंवा अंगठा पुरे. कार्ड मात्र मुलाच्या स्वतःच्या नावाचं असावं. आपलं नाव छापलेलं कार्ड हातात आलं की मूल ज्या तऱ्हेने ते जपतं, ते मी जवळून बघितलं आहे.

दुसरी गोष्ट, ‘हे मोठ्यांचं आहे’ म्हणून पुस्तक परत ठेवायला लावणं. सहावीतली एक मुलगी सापांवरचं एक जाडजूड, चित्रांचं पुस्तक घेऊन टेबलाशी आली. तिला सांगितलं गेलं, ‘बाळ, हे तुझ्या वयाचं नाही, परीकथा घे.’ तिला परीकथा नको होती. तिच्या वाडीत साप निघतात, तिला ते ओळखायचे होते. शेवटी तिच्या आईच्या कार्डावर ते पुस्तक गेलं. मुलाला जे वाचावंसं वाटतं ते त्याने न्यावं. कठीण असेल तर चार पानं वाचून आणून देईल, त्यात कुणाचं काही जात नाही. कोणतं पुस्तक आपल्या मुलाला नको, हे ठरवायचा हक्क त्याच्या पालकांना आहे. टेबलामागच्या माणसाला नाही, आणि मला तर मुळीच नाही.

सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बडोद्यात अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं. मुलांसाठी वेगळं दालन, स्त्रियांसाठी वेगळं दालन, खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या ग्रंथपेट्या, हे सगळं त्या काळात. आज शंभराहून जास्त वर्षांनी आपण मुलांना दारात अडवतो, याची मला मनापासून खंत वाटते.

दंडाबद्दल. मुलांना उशिराचा दंड लावू नये, असं माझं ठाम मत आहे. पाच-दहा रुपयांच्या दंडाला घाबरून मूल पुस्तक दप्तराच्या तळाशी लपवतं आणि वाचनालयाचा रस्ता सोडतं. आपलं पुस्तकही जातं, वाचकही जातो. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला, तेव्हा घरोघरी अडकून पडलेली जुनी पुस्तकं पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने परत आली. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये तेच केलं. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई तिथेही मागतात, ते रास्तच आहे. आपण मुलांसाठी एवढंच ठरवू: जुनं पुस्तक आणून दिल्याशिवाय नवं मिळणार नाही. मोठ्यांचा दंड हवा तर राहू दे.

शांततेचं काय? अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली बसतात. घरी एक खोली आणि पाच माणसं, म्हणून ती इथे येतात. त्यांना शांतता हवीच. पण बालविभागात मोठ्याने वाचणं, चित्र बघून हसणं, मैत्रिणीला गोष्ट सांगणं हे सगळं वाचनच आहे. दोन्ही एकाच खोलीत असतील तर वेळा वाटून घ्या. संध्याकाळी पाच ते सात मुलांचे, हे आधीच सांगितलेलं असेल तर अभ्यासिकेतली मुलं समजून घेतात, हा आमचा अनुभव आहे.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. आठ वर्षांखालच्या मुलाला एकटं सोडून बाजारहाटाला जायचं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत हे फार होतं. वाचनालय बंद करायची वेळ होते, बाहेर अंधार, आणि एक लहानगं पायरीवर आईची वाट बघत बसलेलं. त्याला सोडून कुलूप लावून जाणार कसं? हा नियम ठळक अक्षरांत लावा आणि मूल सभासद होतानाच पालकांचा फोन नंबर घ्या. आणखी एक: मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनालासुद्धा.

मोठ्या वाचकांबद्दल थोडक्यात, कारण बहुतेक नियम सगळ्यांना पाठ आहेत. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं फाडून नेऊ नका. एकच अंक तासभर अडवू नका. दिवाळी अंक घेतलात तर ठरल्या दिवशी परत करा, मागे रांग असते. फोनवर बोलायचं तर व्हरांड्यात. पण पाटीवर नसलेला एक नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: पदाधिकाऱ्यांनाही तेच नियम. नवी खरेदी दाखल झाली की चांगली पुस्तकं नोंद न करता आधी काहींच्या घरी जातात आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतात. साध्या सभासदाला आठवड्याची मुदत आणि यांना मोकळं रान, हे चालणार नाही. प्रत्येक पुस्तक नोंद होऊनच बाहेर पडेल, नेणारा अध्यक्ष असला तरी.

आणि कोण काय वाचतं हे वाचनालयाबाहेर जाऊ नये. लहान गावात हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण कुणी बाई घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक नेते, कुणी दारू सोडण्याबद्दलचं. ती गोष्ट पारावर पोचली तर ती माणसं परत येतील का?

शेवटी आम्ही, स्वयंसेवक. आम्हालाही नियम हवेत, लेखी हवेत. ठरलेला वार पाळायचा, येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं, कारण मुलं वाट बघतात. बालविभागात कायम दोन मोठी माणसं हवीत. एकट्याने एका मुलाला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. वाचकाने काय निवडलं यावर शेरा मारायचा नाही. पुस्तकं लावायची तर क्रमाने लावायला आधी शिकून घ्यायचं; चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक कपाटात असूनही हरवलेलंच असतं. मुलांनाही हे दाखवायचं: पुस्तक वरून कण्याला ओढून काढायचं नाही, दोन्ही बाजूंची पुस्तकं जराशी मागे सारून मधलं धरायचं. एकदा दाखवलं की ती एकमेकांना शिकवतात.

पण स्वयंसेवक मिळाले म्हणून पगारी माणूस कमी करायचा, याला माझा विरोध राहील. आम्ही गोष्टी सांगू, पुस्तकांना कव्हरं घालू, वस्तीवर पेटी घेऊन जाऊ. ग्रंथपालाचं काम शिक्षण घेतलेल्या आणि त्याचा मोबदला मिळणाऱ्या माणसाचंच आहे. ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षं वेतनश्रेणी मागत आहेत. आमच्या हौसेचा उपयोग त्यांची मागणी मागे ढकलायला होऊ नये.

सूचना द्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. सभासदांनी आपापली पत्रं द्या, माझ्याशी सहमत नसाल तरी द्या. घरात बालसभासद असेल तर त्यालाही विचारा, त्याच्या शब्दांत कागदावर लिहू द्या आणि तो कागद तसाच जोडा. मंडळाच्या सभेत ते सगळे कागद मोठ्याने वाचले जावेत, अशी विनंती मी माझ्या पत्रात केली आहे.