'जुनी स्पोर्ट्स गाडी म्हणजे चाकावरचं सोनं': एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर लाल फेरारीचा फोटो, खाली मजकूर: "जुन्या स्पोर्ट्स गाडीचा भाव कधी पडत नाही. फेरारी बघा, आपल्याकडे आरडी ३५० आणि आरएक्स १०० बघा. जितकी दुर्मिळ तितकी महाग. ऑनलाइन बघा, आरडी किती लाखांना आहे! मिळेल ती उचला, नवी करकरीत करून घ्या, झाकून ठेवा. कागद नंतर होतात. दहा वर्षांत सोनं मागे पडेल." आरडी आणि आरएक्स म्हणजे यामाहाच्या जुन्या मोटारसायकली. एकेक वाक्य घेऊ.

"भाव कधी पडत नाही."

फोटोतली फेरारी २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी आहे. १९६२ ते १९६४ या काळात अशा ३६ गाड्या बनल्या. अमेरिकेत नवीन गाडी १८,००० डॉलरच्या आसपास मिळत होती. शर्यतीतून बाद झाल्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच गाड्या १०,००० डॉलरच्या आत विकल्या गेल्या, म्हणजे पहिली पडझड तिथेच झाली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टेरेच्या लिलावात एक गाडी ४.८४ कोटी डॉलरला गेली. मेसेजवाला हे दोन टोकांचे ठिपके धरून मध्ये सरळ रेघ ओढतो.

खरी गंमत त्या मधल्या काळात आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले आणि भाव उसळले. जपानमध्ये पैसा सैल होता, कर्ज सहज मिळत होतं, आणि ज्यांना गाडी चालवायचीच नव्हती तेही रांगेत आले. जीटीओ एक कोटी डॉलरच्या वर गेली. १९९० मध्ये जपानचा फुगा फुटला, व्याज चढलं, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तीच जीटीओ तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आली. ही सगळ्यात वरची गाडी! जग्वारच्या एक्सजे२२० या स्पोर्ट्स गाडीसाठी लोकांनी ५०,००० पौंड आगाऊ भरले होते. १९९२ मध्ये गाडी हातात यायच्या वेळी बाजार बसला होता आणि काही ग्राहक सौद्यातून सुटायला कोर्टात भांडत होते. कर्जावर, न चालवण्यासाठी घेतलेला माल आधी बाजारात येतो, कारण हप्ता थांबत नाही.

"जितकी दुर्मिळ तितकी महाग."

स्टँडर्ड २००० आठवते? मद्रासला बनायची, १९८५ ते १९८८. आज रस्त्यावर एक दिसली तर लोक वळून बघतील, पण विकायला काढली तर गिऱ्हाईक शोधताना दमछाक होईल. उलट आरएक्स १०० ढिगाने बनली (१९८५ ते १९९६), अजून प्रत्येक तालुक्यात आहे, तरी तिचा भाव चढा. कारण १९९० च्या सुमारास कॉलेजच्या गेटवर जी गाडी बघून पोरांचा जीव जळायचा, ती पोरं आज पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या हातात पैसा आहे. दुर्मिळता दुय्यम, ही हौस मुख्य.

हौसेलाही वय असतं. १९३६ ते १९५५ मधल्या एमजी टी-मालिकेच्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांवर ब्रिटन-अमेरिकेत एक पिढी जीव टाकत होती. ती पिढी थकली, गाड्या एकाच वेळी विक्रीला आल्या, पुढच्या पिढीला वेगळंच काही हवं होतं; त्यांचे भाव मंदावले. आरएक्सलाही हा दिवस येईल. राजदूत ३५० ची गोष्ट तर उलटी सुरू झाली. यामाहाच्या आरडी ३५० बी वरून एस्कॉर्ट्सने ती १९८३ पासून इथे बनवली, पण पेट्रोल पिते म्हणून नवी असताना फार कोणी हात लावला नाही. भाव नंतर चढला. लोक तिलाच आरडी म्हणतात.

"ऑनलाइन बघा, आरडी किती लाखांना आहे!"

तो मागितलेला भाव आहे. रावेर-सावद्याच्या केळीवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको: बोर्डावरचा भाव आणि बांधावर हातात पडणारा भाव यांत किती अंतर असतं. जाहिरात तीन महिने तशीच पडून असेल, तर तो भाव नाहीच.

"नवी करकरीत करून घ्या."

इथे सगळ्यात जास्त पैसा बुडतो. आधी राजदूत ३५० चं इंजिन. ३४७ सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४ मिमी, झिजलेला सिलिंडर घासून मोठा केला की लागणारे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या चार ओव्हरसाईजमध्ये, म्हणजे ६५ पर्यंत. ब्लॉक (सिलिंडर) शेवटच्या साईजवर पोचला असेल तर पुढच्या वेळी स्लीव्हच (आत नवी नळी) घालावी लागते, म्हणून कुठल्या साईजवर आहे हे घेण्याआधी विचारायचं. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा, प्रेस-फिट (दाबून जोडलेला) असतो. तो उघडून नवे रॉड, बेअरिंग आणि सील टाकल्यावर मिलिमीटरच्या काही शतांशांत सरळ बसवावा लागतो. हातोड्याने अंदाजाने 'लाईनीत' आणलेला क्रँक काही महिन्यांत बेअरिंग खातो. एखाद्याने वेगासाठी पोर्ट (सिलिंडरमधल्या वायूच्या वाटा) घासून मोठे केले असतील तर ते परत भरता येत नाहीत. शिवाय हाय टॉर्क (३०.५ हॉर्सपॉवर) आणि लो टॉर्क (२७) असे दोन प्रकार आहेत, स्टिकर कुठलंही चिकटवता येतं, ब्लॉक बघावा लागतो.

मग रंग. चेसिसला जाड पावडर कोटिंग करून आणतात, दिसतंही झकास. पण त्या थराखाली हेडस्टॉकवरचा (हँडलखालच्या मानेवरचा) चेसिस नंबर भरून जातो. आरटीओत पेन्सिल घासून छाप घ्यायला गेलं की कागदावर काही उमटत नाही, आणि तो नंबर परत उघडा करायला घासलं की खोडाखोड केल्यासारखा दिसतो. कोटिंगला देण्याआधी नंबरवर उष्णता सोसणारी पट्टी लावायची, एवढं साधं काम असतं.

जाणकार गिऱ्हाईक करकरीत गाडीला बिचकतं. मूळ टाकी, मूळ मडगार्ड, मूळ इंजिन असलेली थोडी फिकी गाडी जास्त भाव खाते. आरएक्स १०० चा इंजिन नंबर '१एल१' ने सुरू व्हायला हवा आणि आरसी बुकाशी जुळायला हवा. अक्षरांची खोली कमी-जास्त असेल, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील, तर तिथून उठून चहाला जायचं, भो.

"झाकून ठेवा."

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. त्या भट्टीत रबर कडक होतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील म्हणजे निम्मं इंजिन. ते आक्रसले की हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम. वरून आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते पाणी ओढतं. पाणी टाकीच्या तळाशी बसतं, टाकी आतून गंजते, कार्बोरेटरचे पितळी जेट हिरवे पडतात.

ठेवायचीच असेल तर असं: टाकी पूर्ण रिकामी, पेट्रोल कॉक बंद, कार्बोरेटरचा फ्लोट बाऊल (खालची वाटी) खालच्या स्क्रूने मोकळा. दोन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच-दहा मिली टू-टी ऑइल, मग प्लग बाहेर ठेवूनच पाच-सहा किक, म्हणजे तेल भिंतींना लागतं. बॅटरी काढून वेगळी. गाडी मोठ्या स्टँडवर, पुढचं चाकही टेकू देऊन अधांतरी. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा, कपाशीच्या गोडाऊनशेजारी असाल तर जाळीही, कारण उंदीर आधी सायलेन्सरमध्ये घर करतात आणि मग वायरिंग खातात. वर सुती चादर. प्लास्टिक नको, पावसाळ्यात आत दव धरतं आणि क्रोमला फोड येतात. महिन्यातून एकदा किकने इंजिन सावकाश फिरवायचं. टायरवरचे चार आकडे बघायचे: २३१२ म्हणजे २०१२ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी तो टायर आता शोभेचाच.

"कागद नंतर होतात."

होत नाहीत, आणि झाले तर महागात पडतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलला उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६००. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मूळ मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि सगळ्या वारसांच्या सह्या; सुरतला स्थायिक झालेला एक पुतण्या अडून बसला की गाडी अडकली. पूर्वीचं कर्ज आरसीवर तसंच असेल तर बँकेकडून फॉर्म ३५.

'विंटेज नंबर मिळेल, भाव दुप्पट होईल' हेही सोबत फिरतं. जुलै २०२१ च्या नियमानुसार 'व्हीए' ही विंटेज नंबरांची मालिका पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या गाडीलाच मिळते. पहिली राजदूत ३५० तिथे २०३३ ला पोचेल, आरएक्स २०३५ ला. फी २०,००० रुपये, आणि नंतर रोजच्या वापराला बंदी.

"सोनं मागे पडेल."

उदाहरणापुरते आकडे घेऊ. एक लाखाची गाडी, साठ हजारांचं काम, पाच वर्षांत विमा, नूतनीकरण, बॅटरी मिळून बारा हजार. एक लाख ऐंशी हजारांना विकली. मित्र म्हणतील ऐंशी हजार कमावले. हातात आले आठ हजार. हेच एक लाख साठ हजार सात टक्क्यांच्या ठेवीत पाच वर्षांत सव्वादोन लाखांच्या जवळ गेले असते. आणि जळगावच्या सराफ बाजारात सोनं काट्यावर ठेवलं की त्याच दिवशी पैसे. गाडीचं गिऱ्हाईक केरळहून किंवा बंगळुरूहून यायचं, त्याला वेळ हवा.

हौस म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, पण बघायला जाण्याआधी फोन करून सांगा: इंजिन थंड ठेवा. चोक ओढून दोन-तीन किकमध्ये उठली पाहिजे. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचा क्लच बाजूचा सील गेला. रेस सोडली तरी आवाज खाली येत नसेल, तर मॅग्नेट बाजूचा. आपण पोचलो आणि इंजिन हाताला आधीच गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं.