पुरवठा जहाजाचं मॉड म्हणजे चीटिंग नव्हे

सोलापुरातल्या आमच्या गेम खेळणाऱ्या मंडळींत सध्या ‘सायलेंट हंटर’ या दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांच्या कॉम्प्युटर गेमवरून एक मेसेज फिरतोय. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः बनवून गेममध्ये घातलेला बदल. ‘सायलेंट हंटरमध्ये भर समुद्रात पुरवठा जहाज उभं करणं ही चीटिंग आहे. खऱ्या पाणबुड्या बंदरातच तेल भरायच्या. त्या जहाजामुळे खेळ सोपा होतो. आणि असलं मॉड म्हणजे काय, एक फाइल टाकली की झालं.’ नव्या पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत पोरं हे खरं मानून चाललीत, म्हणून लिहितोय.

‘बंदरातच तेल भरायच्या’ हे साफ चूक. टाइप १४ जातीच्या दहा पाणबुड्या जर्मनीने केवळ पुरवठ्यासाठी बांधल्या. खलाशी त्यांना ‘दुभती गाय’ म्हणत. त्यांना टॉर्पेडो डागायच्या नळ्याच नव्हत्या. होतं ते दुसऱ्यांना द्यायचं चारशे टनांहून जास्त डिझेल आणि पाव भाजायची भट्टी. त्यांतल्या यू-४५९ ने एप्रिल १९४२ मध्ये बर्म्युडाच्या ईशान्येला पहिल्यांदा असं तेल दिलं. टाइप ७सी या जर्मन लढाऊ पाणबुडीत साधारण ११४ टन डिझेल मावायचं. फ्रान्सहून निघून अमेरिकेचा किनारा गाठायचा आणि परत यायचं, तर तिथे शिकारीला थोडेच दिवस उरत. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या गावात हे वेगळं समजवावं लागू नये. टाकी केवढी आणि टँकर कधी, यावर अख्ख्या घराचा दिनक्रम ठरतो.

साधी जहाजंही हे काम करत होती, तीही आपल्या हिंदी महासागरात. शार्लोटे श्लीमान हे तेलवाहू जहाज जून १९४३ मध्ये मॉरिशसच्या दक्षिणेला पाणबुड्यांना डिझेल देत होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश विनाशिका रिलेंटलेसने त्याला गाठलं. पुढच्याच महिन्यात ब्राके हे दुसरं पुरवठा जहाजही बुडालं.

‘खेळ सोपा होतो’ यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. काही मॉडमध्ये जहाज १९३९ पासून १९४५ पर्यंत एकाच जागी उभं असतं आणि गेलं की सगळे टॉर्पेडो भरून मिळतात. खरी दुभती गाय दुसऱ्यांना द्यायला जेमतेम चार टॉर्पेडो बाळगायची. दहाच्या दहा बुडाल्या. त्यांतल्या पाच तर जुलै-ऑगस्ट १९४३ मध्येच. पण हा दोष आळशीपणे केलेल्या मॉडचा झाला, पुरवठ्याच्या कल्पनेचा नव्हे. मिशन एडिटरमध्ये, म्हणजे गेमच्या मोहिमा रचायच्या साधनात, प्रत्येक जहाजाला खेळात येण्याची आणि जाण्याची तारीख देता येते. ती भरायचे कष्ट घ्या.

राहिलं ‘एक फाइल’. जहाजाचा आकार, टाक्या, तोफा, नुकसानीचे भाग या सगळ्यांच्या फाइली वेगवेगळ्या. वर जहाज ज्या देशाचं, त्या देशाच्या रोस्टरमध्येही, म्हणजे जहाजांच्या यादीतही, नोंद लागते. दोन्हीकडे जहाजाच्या वर्गाचं (क्लासचं) नाव अक्षरशः तेच हवं. माझं एक अक्षर चुकलं होतं, तर मोहीम लोड होतानाच गेम बंद पडायचा. चूक सापडेपर्यंत अख्खा रविवार गेला. आणि मॉड चालू करायचं ते बोट बंदरात असतानाच. अर्ध्या गस्तीत केलंत तर जुना सेव्ह हातचा जाऊ शकतो.

माझ्या मॉडमध्ये यू-४५९ ची शेवटची तारीख २४ जुलै १९४३ आहे, ती खरोखर बुडाली तो दिवस. त्यानंतर भेटीच्या जागी गेलात तर नुसतं पाणी दिसेल, आणि परतीचं डिझेल टाकीत आधीच राखलेलं असावं लागेल.