काळ्या गाडीला वॅक्स करताय? मग बाबांची जुनी बनियन काढा

काळी गाडी घेतलीत ना, अभिनंदन. पांढऱ्या गाडीवर कितीही चरे पाडा, कोणाला दिसत नाहीत, सगळी मेहनत वाया. काळीवर कसं, केलेलं काम दिसतं. आता दसरा तोंडावर आलाय आणि तुम्ही ऑनलाइन वॅक्सची डबी मागवलीये असं कळलं, म्हणून अनुभवाचे चार बोल सांगतो, फुकट आहेत, घ्या.

आधी गाडी धुवायची असते वगैरे लोक सांगतील, अजिबात ऐकू नका. सिंहस्थाच्या कामांसाठी अर्धं नाशिक खणलंय, द्वारका चौकातून नुसती एक चक्कर मारली तरी बॉनेटवर मुलांना बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते, ती फुकट मिळालेली वस्तू पाण्याने घालवायची? या धुळीत खडीची कच असते, वाळू असते, वाळूतलं क्वार्ट्झ तर काचेवरसुद्धा चरा काढतं, आणि तुमच्या गाडीच्या रंगावरचा तो पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो भरतो साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक (केस राहिले असतील तर). वॅक्स बिचारं निरुपद्रवी हो. त्यातलं कार्नौबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ते काय चरे पाडणार? त्याला धुळीची साथ लागतेच.

आणि धुवायचीच हौस असेल तर आपल्या बिल्डिंगमध्ये पहाटे गाड्या पुसायला येतो त्याच्याकडून शिका. एक बादली, एक फडकं, बारा गाड्या. आधी चाकं, मग तेच फडकं त्याच पाण्यात बुचकळून बॉनेट. काही येडे लोक दोन बादल्या घेतात, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची, वरून खाली धूत येतात आणि चाकांना वेगळं फडकं ठेवतात. एवढे लाड तर पोरांचे पण होत नाहीत आपल्याकडे.

मग कापड. मायक्रोफायबर कशाला, घरात बाबांच्या बनियनी पडल्यात की. कडेची जाड शिवण आणि ते खरखरीत लेबल तेवढं काढू नका, खरी मजा त्यातच आहे. बनियन हातातून खाली पडली तर झटकायची आणि परत चालू, पडलेलं कापड बाजूला टाकून नवीन घेणं हे श्रीमंतांचे चोचले.

वेळ दुपारी बाराची, जागा भर उन्हातली. सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना वॅक्स लावणारे लोक मला कायम संशयास्पद वाटतात. भाकरीवर लोणी थापावं तसा जाड थर द्या. पातळ लावलं की ते सुकून पांढुरकं होतं आणि हलक्या हाताने पुसून निघतं, त्यात पुरुषार्थ कुठला? तापल्या पत्र्यावर जाड थर असा काही चिकटून बसतो की कोपराने जोर लावून आरती ओवाळल्यासारखं गोल गोल घासावं लागतं. मग दुकानदार म्हणेल, भाऊ हे घ्या, रबिंग कंपाउंड, वॅक्सच आहे, जरा स्ट्राँग. घ्या बिनधास्त. वॅक्स रंगावर थर देतं, कंपाउंड थर काढतं, हिशोब शेवटी बरोबरच होतो ना.

एवढं करून गाडी चमकतेच, खोटं नाही सांगत. मी पण मागच्या वर्षी अशीच चमकवली होती. दसऱ्याला आईने बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं, वर अक्षता, आणि पंचवटीतून आणलेला झेंडूचा हार तारेने बांधला, तारेची दोन टोकं बरोबर पत्र्यावर टेकलेली. गंगापूर रोडला सोनं द्यायला जाताना ती टोकं वाऱ्याने दोन्ही बाजूंना छान नाचत होती.

संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या त्या पांढऱ्या लाइटखाली गाडी उभी केली आणि अख्ख्या बॉनेटवर कोळ्याचं जाळं उमटलं, गोल गोल, एकात एक, मध्ये तारेचे दोन लांब चरे आणि स्वस्तिकाची पुसट खूण. मी गप्प. बायको गप्प. मागच्या सीटवरून बाबा पुढे वाकले, नीट बघितलं आणि म्हणाले,

"बनियन चांगली होती रे ती. अजून वर्षभर चालली असती."